परग्रहवासी घडवताना: शरीरापासून समाजापर्यंतचा हिशोब

विज्ञानकथेतला परग्रहवासी बहुतेक वेळा कातडीपुरताच परका असतो. रंग निळा, हात चार, डोळे कपाळावर. पण घरी गेला की आई-वडील, दोन मुलं, गावाला एक राजा आणि राजाला एक कपटी सेनापती. लेखकाने शरीर एका कागदावर रचलेलं असतं, समाज दुसऱ्या कागदावर, आणि दोन्ही कागद एकमेकांना कधी भेटलेले नसतात.

इथे त्या दोन कागदांमधलं जोडकाम पाहू. पद्धत अशी की ग्रहात एकच मोठा बदल करायचा आणि त्याचा हिशोब पोटापर्यंत, पिलांपर्यंत आणि भांडणांपर्यंत न्यायचा. उदाहरणादाखल एक प्रजाती सुरुवातीपासून शेवटपर्यंत रचत जाऊ. लागणारं साहित्य म्हणजे एक वही, घात आणि मूळ काढणारा कॅल्क्युलेटर, आणि जमलं तर ओहोटीच्या वेळी कोकणातल्या एखाद्या खाजणाच्या (भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाऱ्या जमिनीच्या) बांधावर घालवलेले दोन तास. चिखलावर उड्या मारणारी निवटी (एक छोटा मासा) डोळ्यांनी पाहिली की पुढची निम्मी जीवरचना आपोआप सुचते.

पायरी पहिली: ग्रह

नवशिका लेखक गुरुत्वाकर्षण, हवा, तारा, दिवसाची लांबी सगळंच एकदम बदलतो. मग कुठला परिणाम कशामुळे झाला हे त्यालाच कळेनासं होतं. पहिल्या खेपेला ग्रह पृथ्वीएवढा, तारा सूर्यासारखा, दिवस २४ तासांचा आणि वर्ष ३६५ दिवसांचं ठेवा. बदल फक्त एक: चंद्र आपल्याइतकाच जड, पण सरासरी निम्म्या अंतरावर, म्हणजे १,९२,००० किलोमीटरवर.

भरती उठवणारा जोर चंद्राच्या वस्तुमानाच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. अंतर निम्मं झालं की जोर आठपट. प्रदक्षिणेचा काळ केप्लरच्या तिसऱ्या नियमाने काढायचा: २७.३ दिवस गुणिले ०.५ चा दीड घात, म्हणजे ९.६५ दिवस. पौर्णिमा ९.९ दिवसांनी येईल. चंद्र आकाशात झपाट्याने पुढे सरकत असल्यामुळे आपल्याकडे रोज सुमारे ५० मिनिटं पुढे जाणारी भरती तिथे रोज २ तास ४० मिनिटं पुढे जाईल आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १३ तास २० मिनिटांचं अंतर पडेल.

इथे एक खड्डा आहे. कोकणातला माणूस लगेच म्हणेल की मग पौर्णिमा-अमावास्येला उधाण (सगळ्यांत मोठी भरती) आणि अष्टमीला भांग (सगळ्यांत लहान भरती) हेही आठपट होणार. तसं होत नाही. उधाण आणि भांग यांच्यातला फरक सूर्यामुळे पडतो. आपल्याकडे सूर्याचा भरतीजोर चंद्राच्या सुमारे ४६ टक्के असल्यामुळे दोन्ही एका रेषेत आले की १.४६, काटकोनात आले की ०.५४ असा मोठा फरक पडतो. चंद्राचा जोर आठपट झाला की सूर्याचा वाटा सहा टक्क्यांच्या आत येतो. मग उधाण-भांग जवळजवळ सारखेच. भरती प्रचंड, पण रोज तीच. समाज घडवायला असली एकसुरी भरती निरुपयोगी.

उपाय म्हणजे चंद्राची कक्षा लंबगोल करा. विकेंद्रता, म्हणजे कक्षा किती लंबगोल आहे त्याचं माप, ०.२ धरली तर चंद्र सर्वांत जवळ असताना सरासरीच्या ०.८ पट आणि सर्वांत दूर असताना १.२ पट अंतरावर असेल. १.२ भागिले ०.८ म्हणजे १.५, त्याचा घन ३.४. म्हणजे दर ९.६५ दिवसांनी एकदा, जवळच्या फेरीला, दूरच्या फेरीपेक्षा ३.४ पट मोठी भरती. पृथ्वीशी तुलना केली तर ४.६ पटीपासून १५.६ पटीपर्यंत. पृथ्वीवर जिथे २ मीटरची भरती येईल अशा किनाऱ्यावर दूरच्या फेरीला सुमारे ९ मीटर आणि जवळच्या फेरीला सुमारे ३० मीटर. (किनाऱ्याचा आणि खाडीचा आकार हे आकडे बराच हलवतो, पण कथेला एवढं पुरे.) खगोलशास्त्र जाणणारा वाचक विचारेल की एवढा जवळचा चंद्र हळूहळू वर्तुळाकार कक्षेत का आला नाही. त्याच्यासाठी बाहेर दुसरा एक चंद्र ठेवून द्या, जो तालबद्ध ओढ देऊन कक्षा लंबगोल ठेवतो. गुरूच्या आयो या चंद्राची कक्षा युरोपा आणि गॅनिमीड अशीच ताणून धरतात. हे कथेत सांगायची गरज नाही, वहीत असलं की झालं.

ज्यांना गुरुत्वाकर्षणच बदलायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: पृष्ठभागावरचं गुरुत्व म्हणजे वस्तुमान भागिले त्रिज्येचा वर्ग. दुप्पट वस्तुमान आणि सव्वापट त्रिज्या घेतली तर १.२८ पट येतं, दुप्पट नाही. आणि प्राणी दुप्पट उंच केला की वजन आठपट वाढतं, हाडाचा छेद मात्र चौपटच. गॅलिलिओने हे १६३८ साली मांडून ठेवलंय, तरी हत्तीएवढे कोळी अजून लिहिले जातात.

पायरी दुसरी: जमीन मोजा

भरतीचे मीटर वाचकाला दिसत नाहीत. त्याला पाणी किती लांबून आणि किती वेगाने येतं ते दिसतं. किनाऱ्याचा उतार ५०० ला १ असा घेतला, म्हणजे ५०० मीटर चालल्यावर १ मीटर चढ, तर ३० मीटरच्या भरतीला १५ किलोमीटरचा चिखलपट्टा उघडा पडतो आणि बुडतो. ओहोटी संपल्यापासून भरती पूर्ण होईपर्यंत ६ तास ४० मिनिटं. पाण्याची कड सरासरी ताशी सव्वादोन किलोमीटरने सरकते आणि मधल्या तासांत ताशी साडेतीन किलोमीटरपर्यंत पोचते. धडधाकट माणूस तिच्या पुढे राहील. जखमी, म्हातारा किंवा ओझं घेतलेला नाही राहणार.

पट्ट्याचे तीन भाग पाडा. मधला साडेचार किलोमीटरचा भाग रोज बुडतो आणि रोज उघडा पडतो. वरचा सव्वापाच किलोमीटरचा भाग फक्त मोठ्या भरतीला भिजतो. खालचा सव्वापाच किलोमीटरचा भाग फक्त मोठ्या सुकतीला (ओहोटीला) उघडा पडतो. मोठ्या भरतीचा काळ किती? भरती २० मीटरच्या वर राहते ते दिवस मोजले तर सुमारे तीन येतात, आणि त्यात पाच सुकत्या बसतात. खालच्या भागात कालवं आणि शिंपले यांच्यासारखं भरपूर खाणं आहे असं धरा. ते दहा दिवसांतून फक्त त्या पाच सुकत्यांत हाती लागतं.

या तीन पट्ट्यांतूनच पुढचं सगळं निघणार आहे. तुमच्या ग्रहाला भरती नसेल तर जे काही असेल त्याचे असेच तीन भाग करा: नेहमी मिळणारं, कधीमधी मिळणारं, आणि मिळतं तेव्हा जीव धोक्यात घालून मिळणारं.

पायरी तिसरी: शरीर, पोटापासून सुरू करून

बहुतेक जण डोक्यापासून सुरुवात करतात. पोटापासून करा.

आपल्या प्रजातीचं वजन ४० किलो धरू. उष्ण रक्ताच्या प्राण्याला पडून राहायला दिवसाला किती ऊर्जा लागते याचा कामचलाऊ नियम जीवशास्त्रज्ञ माक्स क्लायबर यांनी १९३२ साली दिला: वजनाचा पाऊण घात गुणिले ७० किलोकॅलरी. ४० चा पाऊण घात १५.९. म्हणजे दिवसाला सुमारे १,११० किलोकॅलरी. चालणं, खणणं, ओझं ओढणं धरून दुप्पट करा. एका चांद्रफेरीला, म्हणजे ९.६५ दिवसांना, माणशी साधारण २१,५०० किलोकॅलरी. शिंपल्यांच्या मांसात १०० ग्रॅमला ७५ किलोकॅलरी धरल्या तर २९ किलो मांस लागेल. कवचासकट वजन त्याच्या पाचपट धरा: १४५ किलो. पाच सुकत्यांत वाटलं तर दर सुकतीला २९ किलो, आणि तेही प्रत्येकी, खाजणातून सात-आठ किलोमीटर लांब.

आता निवड तुमच्या हातात आहे, आणि समाज इथेच ठरतो. थंड रक्ताचा प्राणी घेतला तर गरज एक दशांशावर येते. तीन किलो मांस, एका सुकतीचं काम. मग साठवण नाही, पहारा नाही, मालकी नाही, आणि कथाही नाही. उष्ण रक्ताचा घेतला तर पुन्हा दोन वाटा. सगळं अंगावर चरबीच्या रूपाने साठवायचं ठरवलं तर दोन-अडीच किलो चरबी पुरते, ४० किलोच्या प्राण्याला ती सहज पेलते. पण चरबी ज्याची त्याची असते. ती चोरता येत नाही, वाटता येत नाही, तिच्यावर कर बसवता येत नाही. अशा प्रजातीत गोडीगुलाबीने राहणारे एकांडे प्राणी निघतील. कोठार बाहेर असेल तर मात्र राखणदार आले, वाटप आलं, कुरबुर आली. आपण बाहेरचं कोठार घेऊ. मांस सडतं, म्हणून ते जिवंतच ठेवायला हवं: वरच्या पट्ट्यातल्या डबक्यांत.

पाय आता सोपे झाले. चिखलात बुडायचं नसेल तर तळव्याखालचा दाब कमी हवा. ७० किलोचा माणूस दोन्ही पायांवर उभा असतो तेव्हा दाब साधारण २० किलोपास्कल असतो, चालताना एका पायावर दुप्पट. आपल्या प्राण्याला सहा अवयव देऊ: चार चालायला, दोन हाताळायला. प्रत्येक तळवा १४ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे सुमारे १५० चौरस सेंटिमीटर. तीन पाय टेकलेले असताना दाब ९ किलोपास्कलच्या आसपास. माणसाच्या चालीच्या चौथ्या हिश्शाहून कमी. पायांची संख्या अशी यावी, चित्रात छान दिसते म्हणून नव्हे.

रक्त तांबडंच राहू द्या. ऑक्टोपसचं आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या नालखेकड्याचं रक्त तांब्यामुळे निळं असतं, हे वाचून लेखकांना मोह होतो. पण तांब्याचं हिमोसायनिन लोहाच्या हिमोग्लोबिनपेक्षा कमी प्राणवायू वाहतं. थंड पाण्यातल्या संथ जिवाला ते चालतं. दर सुकतीला २९ किलो खाणं खणणाऱ्या उष्ण रक्ताच्या प्राण्याला नाही. सिलिकॉनच्या शरीराचंही तेच. कार्बन जाळला की वायू निघतो आणि तो उच्छ्वासातून बाहेर टाकता येतो. सिलिकॉन जाळला की वाळू निघते.

पाणी डोक्यावरून जातं तेव्हा मोठी माणसं कुठे असतात? निवटी चिखलातल्या बिळात तोंडाने हवा नेऊन साठवते. हीच युक्ती मोठ्या मापात वापरा: मधल्या पट्ट्यात उलट्या घड्यासारखी बिळं, वर हवेचा फुगा, दोन-तीन तास तग धरण्यापुरता. बाकी वेळ वरच्या पट्ट्यात.

पायरी चौथी: पिलं कुठे वाढतात

शरीर आणि समाज यांना जोडणारी सगळ्यांत भक्कम खीळ हीच, आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षही हिच्याकडेच होतं.

ठरवू की पिलांना कल्ले आहेत, मोठ्यांना फुप्फुसं. बेडकाचं तसंच असतं, त्यामुळे वाचकाला पटवावं लागत नाही. पिलं पाण्यात असेपर्यंत थंड रक्ताची. पाणी हवेच्या मानाने सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं, त्यामुळे छोट्या अंगाला उष्ण रक्त परवडणारच नाही. उघड्या समुद्रात शिकारी मासे आहेत, म्हणून पिलं वरच्या पट्ट्यातल्या डबक्यांत. आणि त्या डबक्यांना ताजं पाणी मिळतं दहा दिवसांतून तीन दिवस.

आता हिशोब. डबकं २० मीटर लांब, १० मीटर रुंद, १ मीटर खोल: दोन लाख लिटर. उबदार समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की पिलं सुस्तावतात असं धरा. म्हणजे वापरता येणारा साठा ७०० ग्रॅम. दोन किलोचं पिल्लू तासाला ३०० मिलिग्रॅम वापरतं, एका चांद्रफेरीत सुमारे ७० ग्रॅम. डबक्यात दहा पिलं मावतात. हवेतून जे थोडंफार विरघळतं ते यात धरलेलं नाही, पण कालवांचं कोठार त्याच पाण्यात आहे आणि तीही श्वास घेतात. म्हणजे कोठार आणि पाळणाघर एकाच प्राणवायूवर जगतात. जास्त साठवलं तर पिलं गुदमरणार, जास्त पिलं ठेवली तर नवव्या दिवशी उपासमार. या प्रजातीचं सगळं राजकारण या एका डबक्यात आहे. वेगळा राजा शोधायची गरज नाही.

कोळंबीच्या तळ्यावर काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री वापरतं, त्यामुळे सगळ्यांत वाईट वेळ पहाटेची, उजाडण्याच्या जरा आधीची. तळ्यावर तेव्हा पाणी घुसळणारी यंत्रं चालू ठेवावी लागतात. इथे यंत्र नाही. म्हणून पहाटे मोठ्यांनी डबक्यात उतरून सहाही हातापायांनी पाणी घुसळायचं. पहाटेची पाळी कोणाची, कोणी चुकवली, कोण दुसऱ्याच्या बदल्यात उतरलं, यावरून या समाजात पत ठरते. घुसळण धरली तर दहाच्या जागी पंधरा पिलं निभावतात.

टाकून दिलेलं डबकं कसं दिसेल तेही आपल्याकडेच पाहायला मिळतं. पाणी आटून खारटपणा फार वाढला की मीठप्रेमी सूक्ष्मजीव माजतात आणि पाणी गुलाबी होतं. मिठागरांत हे घडतं. लोणार सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं तेही अशाच जिवांमुळे. या प्रजातीत ‘तुमचं डबकं गुलाबी’ ही शिवी असेल, आणि ती कशी आली हे वाचकाला सांगावंही लागणार नाही.

पायरी पाचवी: नाती

एका डबक्यात कोणाची पिलं? इथे बहुतेक जण ‘सगळ्या गावाची’ लिहून मोकळे होतात. ते कानाला गोड लागतं, पण टिकत नाही. जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडलेला नियम असा: नात्याची मात्रा गुणिले समोरच्याचा फायदा हा स्वतःच्या तोट्यापेक्षा मोठा असेल तर मदत करण्याची प्रवृत्ती टिकते. सख्ख्या पिलाशी मात्रा अर्धी, बहिणीच्या पिलाशी पाव, परक्याशी शून्य. तीस आयांची पिलं एकत्र टाकली तर सरासरी मात्रा इतकी खाली येते की पहाटेच्या थंडीत उतरायला कोणी राहणार नाही. शिक्षा, देवाणघेवाण किंवा अब्रू यांचा धाक घालून ते भरून काढता येतं, पण मग तो धाक कथेत दाखवावा लागतो.

म्हणून डबकं पाच सख्ख्या बहिणींचं करा. प्रत्येकीची तीन पिलं, एकूण पंधरा. वरचा प्राणवायूचा आकडा आणि हा आकडा जुळला. असे आकडे जुळायला लागले की रचना बरोबर रुळावर आहे असं समजावं. ते जुळवून घेण्यासाठी डबक्याची लांबी-रुंदी थोडी मागेपुढे केली तरी हरकत नाही.

यातून नात्यांचे शब्द निघतात. ‘आई’ आणि ‘मावशी’ यांत फरक करायला कारण उरत नाही. उलट डबक्यातून कोणत्या चांद्रफेरीला वर आलो हे महत्त्वाचं. कल्ले झडून फुप्फुसं चालू झाली की पिल्लू वर चढतं, आणि एका फेरीला चढलेले आयुष्यभर एका वयोगटाचे. मुलगे वर आल्यावर दुसऱ्या डबक्याकडे जातात. आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसांमध्ये नर असेच कळप सोडतात आणि माद्या राहतात. क्लाउनफिशसारखं आधी नर, पुढे मादी असं आयुष्यही चालेल. पण मग वारसा, वय आणि सत्ता तिन्ही त्याला बांधावे लागतील. नुसतं चमकदार म्हणून आणलेलं तिसरं लिंग कथेत दोन पानांनंतर लेखकच विसरतो.

पायरी सहावी: बोलणं

गढूळ पाण्यात डोळे कामाचे नाहीत. लेखकाला इथे विजेची भाषा सुचते, कारण काही मासे विजेच्या स्पंदांनी बोलतात. ते मासे जवळजवळ सगळे गोड्या पाण्यातले आहेत. खारं पाणी वीज इतकी सहज वाहून नेतं की तिथे स्वतःचं विद्युतक्षेत्र उभं ठेवायला फार ऊर्जा जाते. शार्क वीज ओळखतो, पण ती भक्ष्याच्या अंगातली. बोलत नाही.

टिचक्या वापरा. कठीण नख्या एकमेकींवर आपटून काढलेला आवाज हवेतही चालतो आणि पाण्यातही. अडचण मध्ये आहे: हवेतला आवाज पाण्यात शिरताना त्याची हजारातली जेमतेम एक हिस्सा ऊर्जा आत जाते. काठावर उभं राहून हाक मारली तर डबक्यातल्या पिलांना ती ऐकूच येत नाही. बोलायचं तर हात पाण्यात बुडवावा लागतो. यातून एक रीत फुकट मिळते. दोन मोठी माणसं भेटली की वडीलधारा ओला हात पुढे करतो. कोरड्या हाताने बोलणं म्हणजे तुसडेपणा. आणि कोणी रागाने हात झटकून कोरडा केला तर वाचकाला त्या रागाचा अर्थ लागतो.

नावं ठेवताना आपली वर्णमाला हाताशी आहेच. ती उच्चारस्थानांप्रमाणे लावलेली आहे, त्यामुळे जो अवयव प्राण्याला नाही त्याचा वर्ग सरळ गाळता येतो. ओठ नाहीत, मग प-वर्ग आणि व गेले. टिचक्यांचा भास हवा, तर क आणि ट वर्ग जास्त. आपल्या प्रजातीचं नाव ‘टखार’ ठेवू. बहिणींची नावं खिटा, ढाकर, टिणख अशी. एका पात्राचं नाव चुकून ‘मोपा’ ठेवलंत तर बारीक वाचक पकडेलच.

पायरी सातवी: सत्ता, चोरी आणि अपवाद

दर सुकतीला २९ किलो कोण ओढणार? टखार ओढत नाहीत. ते विणलेल्या तरंगत्या टोपल्या भरतात आणि चढती भरती त्या वर आणते, ताशी दोन-तीन किलोमीटरने. पण पाणी टोपली नेमकी तुमच्या डबक्यापाशी सोडत नाही. पन्नास टोपल्या एका चरात अडकलेल्या, त्यातली कुठली कोणाची? म्हणून खुणा. खुणांवरून भांडणं, भांडणांवरून पंच, आणि खुणांची उजळणी करता करता लिपी. टखारांचा पहिला लिहिलेला शब्द मालकीचा असेल, प्रार्थनेचा नव्हे.

काळ मोजणाऱ्याची सत्ता अनेक कथांत असते. इथे ती सहज मिळत नाही. चंद्र जवळ आला की दूरच्या फेरीपेक्षा दीडपट मोठा दिसतो. आपल्या चंद्राच्या तुलनेत तो अडीचपट रुंद असतो. कोणालाही दिसेल, पुजारी कशाला? पावसाळ्यात मात्र आठवडेच्या आठवडे आभाळ भरलेलं. तेव्हा दिवस मोजणारे लागतात, आणि त्यांची चूक म्हणजे खालच्या पट्ट्यात गेलेल्यांचा मृत्यू. म्हणजे सत्ता मोसमी: उन्हाळ्यात मोजणाऱ्यांना कोणी विचारत नाही, पावसात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. पाऊस लांबला तर मोजणारे सत्ता सोडायला तयार होतील का, या प्रश्नावर एक अख्खी कादंबरी उभी राहील.

उंचावरच्या डबक्यांत श्रीमंत आणि खाली गरीब, असं लिहायचा हात आवरा. तो आपल्याकडच्या गावांचा नकाशा झाला. टखारांच्या वरच्या डबक्यांना शिकारी माशांपासून अभय आहे, पण ताजं पाणी एखाद-दुसऱ्याच भरतीला. खालच्यांना पाचही भरत्यांचं पाणी, पण प्रत्येक भरतीबरोबर दात असलेलं काहीतरी आत येतं. सावध घराणी वर, धाडसी खाली. दोघांनाही दुसरे मूर्ख वाटतात. त्यांच्यात लग्नं होतात, कारण मुलग्यांना कुठेतरी जायचंच असतं.

एक ग्रह म्हणजे एक संस्कृती ही जुनी चूक आहे. टाळायला सोपी आहे: उतार बदला. ५०० ला १ ऐवजी २० ला १ असा खडकाळ किनारा घेतला तर १५ किलोमीटरचा पट्टा ६०० मीटरवर येतो. खालचं खाणं चालत दहा मिनिटांवर. टोपल्या लागत नाहीत, खुणा लागत नाहीत, डबकी खडकातली आणि खोल. हेच शरीर, पण इथले टखार निरक्षर आणि खाऊनपिऊन सुखी असतील, आणि चिखलातले त्यांना अडाणी म्हणतील.

पायरी आठवी: तपासणी

वहीतून कागदावर उतरण्याआधी प्रत्येक अवयवाला एक प्रश्न विचारा: हा नसता तर कोणती रीत मोडली असती? तळवे छोटे केले तर सुकतीला जाणं बंद. पिलांचे कल्ले काढले तर पहाटेची पाळी गेली. कशानेच काही मोडत नसेल तर तो अवयव शोभेचा आहे. एक-दोन शोभेचे चालतात, कारण मोरालाही पिसारा असतोच. मग उलट प्रश्न प्रत्येक रितीला: ही शरीरातून किंवा चंद्रातून येते की आपल्या घरातून? अंत्यसंस्कारात हटकून घरचं शिरतं. टखार प्रेत पुरणार नाहीत, जाळणार नाहीत. कुजणारं शरीर डबक्याजवळ ठेवलं तर पाण्यातला प्राणवायू खाईल. ते खालच्या पट्ट्यात नेऊन कालवांना देतील, आणि पुढच्या फेरीला ती कालवं खातील. त्यांना त्यात किळस वाटणार नाही. वाचकाला वाटली तर वाटू द्या, पात्राच्या तोंडी समर्थन घालू नका.

कथेत यातलं किती यावं? तीन-चार हजार शब्दांची कथा असेल तर चंद्राचं अंतर, विकेंद्रता, क्लायबर, हॅमिल्टन यांपैकी काहीही नको. पहिल्या पानावर फक्त कृती: ‘ढाकरने पहाटे पाण्यात हात घातला आणि एकच टिचकी वाजवली. पंधरापैकी चौदा उत्तरं आली.’ एवढ्यात डबकं, आकडा, पाळी आणि संकट चारही आले. ओला हात दुसऱ्या प्रसंगात, टोपल्यांच्या खुणा भांडण सुरू झाल्यावर.

वहीत मात्र आकडे एका पानावर, कोणता कशावरून आला याच्या बाणांसकट ठेवा. चंद्राचं अंतर बदललं तर फेरीचे दिवस, भरतीची उंची, पट्ट्याची रुंदी, माणशी अन्न आणि डबक्यातला प्राणवायू हे पाचही पुन्हा काढावे लागतात. उतार बदलला तर फक्त पट्ट्याची रुंदी आणि पाण्याचा वेग. प्राण्याचं वजन बदललं तर अन्न आणि तळवा. पिलांची संख्या सगळ्यात शेवटी बदला, कारण ती एकाने वाढवली तरी एका बहिणीच्या वाट्याला चौथं पिल्लू येतं आणि त्याचा जाब बाकीच्या चौघी विचारणार.